चावडीसमोर ओतलेलं औषध

आमच्या गावात दारूचा वास सगळ्यात आधी कोणाच्या नाकाले लागते, हे कोणालेही विचारा. मंदाबाईच्या. म्हणजे माह्या. जिल्ह्यात दारूबंदी झाली त्याच वर्षी आमचं महिला मंडळ निघालं. हिंगणघाटच्या पल्याड, हैदराबाद रोडवर आमचं गाव. मोहाची बाटली कडब्याच्या गंजीत असो का कोंबड्याईच्या खुराड्यात, मी दारात उभी राहून सांगत होती. नियम एकच. वास आला की बाटली उचलायची, चावडीसमोर न्यायची, सगळ्याईच्या देखत ओतायची. कोणाचं ऐकून घेणं नाई. ऐकाले गेलं की जो तो एकच सांगे, "बाई, औषध आहे वो, खोकल्याचं." मोठे आले खोकलेवाले! आम्ही हसत होतो आन् ओतत होतो.

त्याच मंदाबाईच्या घरात, फळीवर हळदीच्या डब्यामागं, एक तपकिरी बाटली होती आन् तिचं झाकण उघडलं की भपकन दारूसारखा वास येत होता. त्या बाटलीवर माह्या नवऱ्याचा जीव होता.

नवऱ्याचं नाव मी घेते. ज्याले लाज वाटत असन त्यानं कान झाकावे. हरिदास ट्रक चालवत होता. हिंगणघाटच्या कापसाच्या गाठी भरायच्या, हैदराबादले उतरवायच्या, मिळन तो माल भरून परत. दारूले कधी शिवला नाई. मी मंडळात छाती फुगवून सांगत होती, या, माह्या नवऱ्याच्या तोंडाचा वास घ्या! आता मले काय माहीत, दारूसारखा अफूचा वास तोंडाले मारत नाई म्हणून. कोण्या ढाब्यावर कोण्या ड्रायव्हरनं दिली, पाठ दुखते तर घे, रातभर गाडी ओढशीन. आधी पाठीसाठी घेतली, मंग गाडी चालवासाठी, मंग नुसतं बाजेवरून उठासाठी. मले कळलं तवा कित्येक वर्सं होऊन गेलती.

कळलं तेही कसं? ट्रक दुरुस्तीले लागला, हरिदास घरी बसला. दुसऱ्या रोजी जांभया सुरू झाल्या, नाका-डोळ्यातून पाणी, अंगावर काटा, पोटात कळा. हगवण थांबेना. मले वाटलं पटकी झाली. मी मीठ-साखरेचं पाणी पाजून राह्यली, लिंबू पिळून राह्यली, अन् हा माणूस भिंतीकडे तोंड करून म्हणते, "मंदे, पटकी नाई. माही अफू संपली."

तळपायाची आग मस्तकात गेली माह्या. गावाची दारू सोडवली मी, घरातली अफू सोडवता येत नाई काय? पोराईले सिंदी गावाले भावाकडे धाडलं, नवऱ्याले खोलीत घातलं आन् बाहेरून कडी लावली. आतून तो पाय आपटत होता. आधी शिव्या दिल्या, मंग हात जोडले, मंग आवाजच येईना. कडी काढली तवा डोळे खोल गेलते, ओठ पांढरे, अन् पाणीसुद्धा पोटात राहीना. कडी लावून हे सुटणार नाई, माणूसच सुटन, एवढं मले कळलं.

मंग सुरू झाले दवाखाने. जवळच्या सरकारी दवाखान्यातला डॉक्टर पोरगेलासा होता. म्हणे, मनाचा निश्चय पाहिजे. मी म्हणलं, साहेब, निश्चय कडीच्या आत घालून पाह्यला, आता गोळी द्या. त्यानं पोटदुखीची गोळी देली. सिंदीच्या डॉक्टरनं झोपेची सुई मारली. झोप झाली, उठला तवा दुप्पट तडफडला अन् भावाच्या घरून पळाला, स्टेशनावर सापडला. एका खाजगी डॉक्टरनं तर आमाले बाकावरून उठवलं, म्हणे अफीमची, अफू खाणाऱ्या लोकाईले मी पाहत नाई, पोलिसाईची भानगड लागते. प्रत्येक दवाखान्यातून निघालं की हरिदास खाली मान घालून म्हणे, "जाऊ दे मंदे, मी आपली थोडी थोडी खात जाईन." तो थोडी म्हणे, पण त्याची थोडी किती झालती ते मी पाह्यलं होतं.

शेवटी हिंगणघाटले, कापूस मार्केटच्या मागच्या गल्लीत, प्रेमदास डॉक्टर भेटले. दोन खोल्याईचा दवाखाना, बाहेर एक बाक. डॉक्टर मोठे तुटक बोलणारे, हसणं नाई का काई नाई. पण त्याईनं हरिदासले पहिला सवाल "काऊन खाता?" असा केला नाई. "किती खाता आन् कधी कधी?" असं विचारलं, अन् हरिदासनं पहिल्यांदा खरं सांगतलं. मीच ऐकून गार पडली.

डॉक्टर म्हणाले, "तुम्ही ड्रायव्हर. भरलेली गाडी घाटावर आहे. इंजिन बंद करून सोडून दिली तर काय होईन?"

"पलटी होईन."

"मंग ब्रेक दाबत दाबत उतरवू. हे औषधही अफूचंच आहे, दारूत मुरवलेलं, पण मोजून. थेंब पाण्यात टाकून सकाळ-संध्याकाळ घ्यायचे. दर आठवड्याले मी थेंब कमी करीन. तुमाले कळणारही नाई इतके."

मंग माह्याकडे वळले. "बाटली तुमच्या ताब्यात. यांनी हात लावायचा नाई. अन् एक ऐका. हे नागपूरवरून परवानगीनं आणावं लागते. बाटली सांडली, फुटली, हरवली, तर दुसरी नाई. सगळे येऊन हेच सांगतात, सांडली म्हणून. सांडली म्हणणाऱ्याले मी दार दाखवतो."

"सांडणार नाई," मी म्हणलं.

"आन् मधात कुठं घसरले, खाऊन बसले, तर घरी तमाशा करू नका. जशा हालतीत असन तशा हालतीत इकडं आणा."

ते मले पटलं नाई. खाऊन बसला तर मी काय त्याची आरती करू? पण तोंडानं हाव म्हणून मी बाटली पदराखाली घेतली.

अन् बाप्पा, खरंच गुण आला! पहिल्याच आठवड्यात हरिदास भाकर खाऊन बाजेवर बसला. दुसऱ्या आठवड्यात गोठ्याचं दार नीट केलं. थेंब कमी होत गेले तसा एखाद्या सकाळी जरासा अस्वस्थ होई, दुपारपर्यंत निभावून नेई. एक दिवस मले म्हणाला, "मंदे, मले आज भूक लागली." मी चुलीपाशी तोंड फिरवून रडली. किती वर्सांनी त्या माणसाले भूक लागलती.

पण माह्या जिवाले चैन नव्हतं. बाटली उघडली की वास. मी दार लावून थेंब मोजू लागली, झाकणाले चिंधी बांधली, फळीवर हिंगाची पुडी ठेवली, सकाळ-संध्याकाळ धूप जाळू लागली. शेजारीण विचारे, मंदाबाई, एवढा देवधर्म कवापासून? मी म्हणे, इच्छा झाली. मंडळाच्या बैठकीत मी आता दारापाशी बसे, पदराले वास येत असन या भेवानं. सांगून काऊन टाकलं नाई म्हणता? सांगाले काय जाते! मंदाबाईचा नवरा अफीमची, हे एकदा गावात फिरलं की ज्याईच्या बाटल्या मी ओतल्या ते सारे माह्या दारासमोर नाचले असते. अन् हरिदास? तो तोंड दाखवाची लाज म्हणून त्याच दिवशी ट्रकवर चढला असता. मले थोडेच आठवडे काढायचे होते. गुपचूप काढले असते.

जयवंता आली नसती तर.

जयवंता माही शेजारीण आन् मंडळातली माह्याखालोखाल पक्की बाई. कापूस वेचाले जाणारी, आवाजाची धारदार. वास कसा घ्यायचा, माणूस डोळे कसे चोरते, सगळं तिले मीच शिकवलं होतं. दिवाळी झाल्यावर, वेचाईच्या दिवसात, एक दुपारी ती चाळणी मागाले आली. मी विहिरीवर गेलती, हरिदास बाजूच्या गोठ्यात. दार उघडं. ती आत आली, उभी राह्यली, नाक वर केलं असन. चाळणी न घेताच परत गेली.

मी घागर घेऊन आली तं माह्या दारातून बाया निघून राह्यल्या होत्या. पुढं जयवंता. तिच्या हातात बाटली.

घागर मी कुठी टाकली मले आठवत नाई. "थांब वो जयवंता! दे इकडं!"

"हे काय आहे मंदाबाई?" तिचा आवाज कापत होता. तिलेही सोपं नव्हतं ते, मले दिसत होतं.

"औषध आहे."

मागच्या बाया फिसकन हसल्या. कोणीतरी म्हणलं, "खोकल्याचं असन."

"कशाचं औषध?" जयवंतानं विचारलं.

तोंडात शब्द आला होता. पण आमच्या घरासमोरच्या चावडीपाशी माणसं जमू लागलती. गोठ्याच्या दारात हरिदास उभा होता, हातात शेणाचं टोपलं, अन् माह्याकडे पाहून मान हलवत होता, नाई, नाई, नको सांगू. मी म्हणलं, "पाठीचं."

जयवंतानं झाकण काढलं, नाकाशी नेलं. "पाठीचं औषध दारूत असते काय?" मंग हळूच म्हणाली, "नियम तुम्हीच केला वो."

मी बाटलीवर झडप घातली. दोघी-तिघींनी माह्ये हात धरले. जसे धराले मी त्याईले शिकवलं होतं तसेच धरले, चांगले घट्ट. जयवंता चावडीसमोर गेली आन् बाटली उलटी केली. धुळीत एवढासा काळा ओला डाग पडला. मी ओरडून राह्यली होती, काय ते मले माहीत नाई. कोणी म्हणे पाहा पाहा, कोणी म्हणे घरोघरी हेच. गोठ्याच्या दारात टोपलं पडलेलं होतं, हरिदास नव्हता.

तो घरात कोपऱ्यात बसला होता. "झालं," एवढंच म्हणाला. संध्याकाळचे थेंब नव्हते. मी म्हणलं, सकाळच्या गाडीनं डॉक्टरकडे जाऊ. तो म्हणाला, "डॉक्टर दार दाखवन." मी म्हणलं, पाय धरीन. रातभर मी दाराले पाठ लावून बसली. पहाटे डोळा लागला तो लागला. उठली तं मागचं दार उघडं होतं.

मी अनवाणी रोडवर पळाली. आमच्या फाट्यावरच ढाबा, ढाब्यासमोर ट्रक उभे राहतात. डोक्यात एकच, ट्रकवर चढला की गेला. हैदराबादच्या रोडवर कुठं शोधू मी त्याले, कोण्या गावात? पायात काटे गेले तरी कळलं नाई.

तो एका उभ्या ट्रकच्या पायरीवर बसलेला दिसला. नाकातून पाणी गळत होतं, हातावर सोललेल्या कोंबडीसारखा काटा. मूठ घट्ट मिटलेली. मी ती उघडली. आत काळा गोळा, लिंबोळीएवढा.

"खाल्ली?"

"नाई. तुही वाट पाहून राह्यलो होतो काय, मलेच माहीत नाई," तो म्हणाला आन् रडाले लागला. "मंदे, एकतर मले दे नाईतर मारून टाक. मले बसमधी बसणं होणार नाई वो."

मी गोळा उचलला अन् हात मागं नेला. आयुष्यभर मी तेच केलं होतं. फेकायचं, ओतायचं, फोडायचं. पण त्याचे गुडघे उडत होते, अन् डॉक्टरच्या दवाखान्यापर्यंत हा माणूस जिवंत कसा न्यायचा ते मले दिसत नव्हतं. डॉक्टरचं बोलणं आठवलं, जशा हालतीत असन तशा हालतीत आणा. मी हात खाली घेतला. नखानं एक कण काढला, ज्वारीच्या दाण्याएवढा, त्याच्या जिभेवर ठेवला. बाकीचा गोळा पदराच्या टोकाले गच्च बांधला.

"अवो मंदाबाई, काय चारून राह्यली?"

फाट्यावर हिंगणघाटच्या बाजाराले निघालेल्या बाया उभ्या होत्या. टोपले, पिशव्या, मंडळातल्याच सगळ्या. जयवंता पण होती.

माह्यं डोकं फिरलं. "अफू!" मी ओरडली. ढाब्यावरचे ड्रायव्हर पण वळून पाहाले लागले. "माह्या नवऱ्याले अफू चारून राह्यली मी, माह्या हातानं! काल तुम्ही जे ओतलं ना, ते अफू सोडवाचं औषध होतं. सुटत आली होती! हिंगणघाटले डॉक्टर आहे, प्रेमदास, कापूस मार्केटमागं. तिथं नेऊन राह्यली आता. ज्याले थुंकायचं आहे त्यानं आत्ताच थुंकून घ्या, अन् बस आली की जागा द्या!"

हरिदासनं डोळे मिटून घेतले. मले वाटलं आता हा उठून पळन, पण त्यानं माह्या हाताले धरलं आन् सोडलं नाई.

लाल गाडी आली. बायाईनं जागा सोडली. जयवंतानं आपलं टोपलं दुसऱ्या बाईच्या हवाली केलं अन् आमच्या मागच्या सीटवर येऊन बसली. मी तिच्याकडे पाह्यलं नाई. पूर्ण रस्ता माह्या मानेमागं तिचा श्वास ऐकू येत होता, अन् मले वाटत होतं वळून एक ठेवून द्यावी.

दवाखान्यात डॉक्टरनं हरिदासची नाडी पाह्यली, डोळ्याची बाहुली पाह्यली. "बाटली?"

"ओतली गेली," मी म्हणलं.

डॉक्टर खुर्चीत मागं सरकले. "बाई, मी काय सांगितलं होतं?"

"साहेब, लोकाईनं ओतली, आईच्यान सांगते."

"मागच्या महिन्यात एकाच्या बाटलीले मांजरीनं धक्का देला. त्याआधी एकाच्या घरी चोर आला, चोरानं फक्त औषध नेलं." डॉक्टर थकल्यासारखे बोलत होते. "मी एकाले खोटं पचू देलं तर उद्या माही परवानगी जाईन. मंग कोणालेच औषध नाई."

हरिदास उठला. मोठ्या शांतपणे उठला, त्याचंच मले भेव वाटलं. "चाल मंदे," म्हणाला. मी त्याचा सदरा धरला. दारातून तो गेला असता तं परत कोण्याच दवाखान्याची पायरी चढला नसता, हे मले जसं माहीत होतं तसं त्यालेही होतं.

"मी ओतली."

दारात जयवंता उभी होती. डोक्यावरचा पदर पुढं ओढलेला. "चावडीसमोर ओतली साहेब. अर्ध्या गावाच्या देखत. हे औषध आहे म्हणत होती बाई, मी ऐकलं नाई. दारूचा वास आला मले."

डॉक्टरनं तिच्याकडे पाह्यलं. उठून कुलपातलं कपाट उघडलं, तीन बाटल्या काढल्या, एकेकीचं झाकण काढून तिच्या नाकासमोर धरलं. तिसऱ्या बाटलीवर ती म्हणाली, "ही." डॉक्टरनं हरिदासच्या औषधाची चिठ्ठी पाह्यली, तेच औषध होतं, आन् बाकीच्या दोन बाटल्या परत ठेवल्या.

"सकाळपासून काई खाल्लं?" त्याईनं हरिदासले विचारलं.

"मी देली," मी म्हणलं आन् पदराची गाठ सोडून गोळा टेबलावर ठेवला. "एवढीशी." नखाचं टोक दाखवलं.

मले वाटलं आता शिव्या बसतीन. डॉक्टरनं गोळा उचलून कागदात गुंडाळला. "बरं केलं," म्हणाले. मंग काचेच्या ग्लासात पाणी घेतलं, थेंब सोडले, अन् ग्लास हरिदासच्या हातात देला. "आता बाटली घरी नाई. रोज सकाळी इथं यायचं, माह्यासमोर प्यायचं. येसान?"

हरिदासनं ग्लास दोन्ही हातानं धरला होता. "येईन," म्हणाला. अन् प्यायला. मी रिकामा ग्लास त्याच्या हातून घेतला. मले हसू का रडू, काईच कळत नव्हतं.

"चाल वो," मी जयवंताले म्हणलं. राग होता अजून, पण तिले तिथं सोडून कसं जायाचं? "परतीची गाडी भेटन."

ती हलली नाई. कमरेची चंची काढली, सुपारी-कात बाजूले सारला, अन् चिंधीत बांधलेल्या मुगाएवढ्या काळ्या गोळ्या टेबलावर ठेवल्या.

"वेचाईवर जाताना लेकराईले देत होतो साहेब," ती म्हणाली, "लेकरू निजून राहावं म्हणून. सगळ्याच बाया देत. माही कंबर दुखे, तं एक मी घेई." तिनं पदरानं तोंड पुसलं. "लेकरं मोठी होऊन लगनाले आली. गोळी माही सुटली नाई. हे औषध बाईमाणसाले चालते काय?"

डॉक्टरनं समोरच्या स्टुलाकडे हात केला. "बसा. किती खाता आन् कधी कधी?"

मी हरिदासले बाहेरच्या बाकावर बसवलं आन् दार लोटून घेणार होती. तिनं माह्या लुगड्याचा काठ धरला.

"मंदाबाई, जाऊ नको वो. मले एकटीनं सांगणं होणार नाई."

मी दुसरा स्टूल ओढला आन् तिच्याजवळ बसली.